वाढता दगड

माघ उतरणीला लागला होता. शेतांतला हरभरा घाट्यांनी जडावला होता, आणि पांढरझरीच्या माळाच्या कडेकडेने पळस नुकता पेटू लागला होता. पाने झडलेली, फांद्या काळ्याभोर, आणि त्या काळ्यावर ते आरक्त, वक्राकार, मखमली फूल. एक फूल उमललेले, दुसरे उमलायचे, तिसरे अजून कळीच्या तपकिरी कवचात. दूर कुठेतरी गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती.

उन्हाला अजून रंग आला नव्हता. पांढरे, सपाट, कशाचीच सावली धड पडू न देणारे दुपारचे ऊन ते. वामनराव खानझोडे मोटारीतून उतरले आणि सवयीने त्यांनी आधी आकाशाकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. अजून दीड तास. दीड तासाने ऊन तिरपे होईल, तिरप्या उन्हाला पिवळी धार चढेल, आणि दगडांवरची एकेक खूण जागी होईल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या छायाचित्रकाराचा उन्हावर जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर कधी बसला नव्हता.

आणि समोर दगड होते. वर्तुळामागे वर्तुळ, वर्तुळामागे वर्तुळ. उन्हाने तापलेल्या, पावसाने धुतलेल्या, काळाने कोपरे झिजवलेल्या कृष्णवर्ण शिळांची वर्तुळे. एकेक शिळा बसलेल्या म्हशीएवढी. कोणी आणल्या, कशा आणल्या, कोणती गाणी म्हणत ओढल्या, याचा कुठे उल्लेख नाही. उल्लेख करण्याची विद्याच तेव्हा या मातीत आलेली नव्हती. आपल्या मृतांभोवती दगडांची कडी घालून ती माणसे निघून गेली. जाताना त्यांनी नावे नेली, भाषा नेली, देव नेले. कडी तेवढी इथे राहिली.

आणि या साऱ्या वर्तुळांच्या मधोमध तो. एकटा, उभा, सरळसोट, अंगभर अंगठ्याएवढ्या खळग्यांच्या दोन ओळी मिरवणारा. गाव त्याला खुंटा म्हणते. पूर्वी राक्षसांच्या म्हशी या खुंट्याला बांधलेल्या असत, अशी गावाची एक समजूत. हा खुंटा दरवर्षी एका तिळाएवढा वाढतो, अशी दुसरी. पहिल्या समजुतीला पुरावा नव्हता. दुसरीला यंदा मिळाला होता, आणि तो पुरावा, कर्मधर्मसंयोगाने, वामनरावांनीच पुरवला होता.

झाले होते ते असे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी या माळावर उत्खनन झाले. त्याच्या अहवालात खुंट्याची उंची छापली गेली पाच फूट आठ इंच. ती कोणी फीत लावून मोजली नव्हती. तरुण वामनरावांनी काढलेल्या एका छायाचित्रावरून काढली होती. यंदा विद्यापीठातली संशोधक मृण्मयी देवतळे माळावर आली, तिने फीत लावली, आणि खुंटा भरला बरोबर सहा फूट. चार इंच जास्त! गावाला आनंदाचे भरते आले. सरपंचांनी ओट्यावर पंचेचाळीस तीळ एकाला एक लावून आडवे मांडले, तर तेही चार इंच भरले. खुंटा वाढतो, असा फलक लावायचे गावाने त्याच दिवशी ठरवून टाकले.

वामनरावांची मात्र झोप उडाली. आयुष्यात त्यांनी हजारो छायाचित्रे काढली. लग्नांची काढली, ओळखपत्रांची काढली, मंत्र्यांच्या हातच्या कात्र्यांची आणि कापल्या जाणाऱ्या फितींची काढली. पण मनाच्या कोपऱ्यात त्यांनी जपले होते ते एकच. सायंप्रकाशात न्हालेला खुंटा, पायाशी सोनेरी गवताचा समुद्र, आणि शेजारी, प्रमाण कळावे म्हणून उभी केलेली एक पाठमोरी मजूर बाई. ते छायाचित्र मृण्मयीच्या नव्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर यायचे होते. आता ते येणार की नाही, हे त्या चार इंचांवर ठरणार होते. खोटे माप सांगणारे चित्र ग्रंथावर लावता येत नाही, हे वामनरावांना कोणी शिकवायला नको होते.

त्यांचे म्हणणे एकच होते. दगड वाढत नाही; माती वाहून गेली असणार. पंचेचाळीस पावसाळ्यांनी खुंट्याच्या बुडाची चार इंच माती नेली, बस्स.

"माती गेली असती, तर बुडाशी ठोकलेले पाचरीचे दगड उघडे पडले असते, सर," मृण्मयी गाडीतून वही काढत म्हणाली. ती पस्तिशीची, उन्हाने रापलेली, बोलायला मऊ पण मापाला कडक. "ते उघडे पडलेले नाहीत. तरी फोटोतल्या त्या बाईंना विचारू. त्या तिथं स्वतः उभ्या होत्या. माती वर होती असं त्या म्हणाल्या, तर मी तळटीप देईन आणि फोटो घेईन. शब्द माझा."

बाई जिवंत होती, गावातच होती, आणि शेतातून येते म्हणाली होती. तिची वाट पाहणे तेवढे उरले होते. मृण्मयी होकायंत्र घेऊन दूरच्या वर्तुळाकडे निघून गेली. वामनराव खुंट्याच्या बुडाशी टेकले, आणि टेकल्या टेकल्या त्यांचे मन मागे गेले.

ते दिवस! माळावर सात तंबू होते. सकाळी तंबूंच्या कापडावर दव, दवावर धूर, धुरात चहाचा वास. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे वामन खानझोडे तेव्हा गळ्यात जड कॅमेरा आणि डोक्यात त्याहून जड अभिमान घेऊन फिरत असत. गावच्या एका रिकाम्या गोठ्यात त्यांनी अंधारखोली थाटली होती. शेणाचा वास, औषधांचा आंबूस वास, लाल दिव्याचा मंद उजेड, आणि परातीतल्या पाण्यात पांढऱ्या कागदावर हळूहळू उगवणारे जग. आधी काळे उगवे, मग करडे, मग सारे. तेवढे सुख त्यांना पुढे कुठल्याच स्टुडिओत मिळाले नाही.

आणि मजुरणींच्या रांगा. डोईवर घमेली, घमेल्यांत तीन हजार वर्षांची माती, आणि मातीखाली हसणे. त्या हसत असत कशालाही. एखादे खापर सापडले तरी हसत, साहेब घसरला तरी हसत. त्यांच्यात एक होती पार्बता. पार्बता नेहारे. गुराखी घरातली, बावीस वर्षांची, काटक, कामाला वाघीण. तिच्याविषयी वामनरावांना याहून जास्त काही ठाऊक नव्हते, कारण त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

त्या संध्याकाळचे मात्र सारे लख्ख आठवत होते. सकाळीच बैलगाडीचे चाक मोजकाठीवरून गेले होते; लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ती काठी तीन तुकडे होऊन पडली होती. मोजायची फीत घेऊन उत्खननाचे प्रमुख सर नागपूरला गेले होते. जाताना बजावून गेले होते, खुंट्याभोवतीचे गवत हातभर कापून घ्या, बूड स्वच्छ दिसू द्या, मगच चित्र घ्या. पण त्या संध्याकाळी ऊन असे काही उतरले, असे काही उतरले, की कुसळी गवताच्या प्रत्येक काडीला सोन्याचे पाणी चढले. ते सोने विळ्याने कापायचे? वामनरावांच्याने ते झाले नाही. गवत राहू दिले, राखून ठेवलेली रंगीत फिल्म कॅमेऱ्यात भरली, आणि काठीच्या जागी माणूस उभा करायचे ठरवले.

त्यांची तिपाई पूर्ण उघडली की बरोबर पाच फूट भरत असे. पार्बता तिपाईशेजारी उभी राहिली, तर तिचा माथा आणि तिपाईचा माथा एका रेषेत. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. जणू मापासाठीच घडवलेली. वामनराव खूश झाले.

"दगडाजवळ जा. पाठ इकडे, तोंड दगडाकडे. हलायचं नाही."

तिने मान वळवून विचारले होते, "माहा चेहरा नाई येत का जी यात?"

"चेहऱ्याचं काय काम इथं? उंची पाहिजे फक्त."

खटका वाजला. त्याच रात्री अवकाळी पाऊस कोसळला, नाल्याला पूर आला, तंबू गुंडाळले गेले, आणि मुक्काम आटोपला तो कायमचा. खुंटा मोजायचा राहिला तो राहिलाच. पुढे चित्रावरून हिशेब झाला. बाई पाच फूट, तर दगड पाच फूट आठ इंच. हिशेबात काही चूक नव्हती.

त्या चित्रातली पाठ वामनरावांनी पंचेचाळीस वर्षे पाहिली. मानेवरचा घट्ट अंबाडा, खांद्यावर चोळीला लावलेले निळे ठिगळ, कमरेला खोचलेला पदर, किंचित ताणलेले खांदे. डोळे मिटले तरी ती पाठ त्यांना काढून दाखवता आली असती. चेहरा मात्र आठवत नव्हता. कितीही खोदले तरी हाती लागत नव्हता. या गोष्टीची त्यांना अलीकडे लाज वाटू लागली होती.

पळसाखालच्या पायवाटेने एक म्हातारी येत होती. हातात काठी, डोईवर हरभऱ्याची पेंडी, पायांत टायरच्या चपला. जवळ आली, थांबली, आणि वामनरावांकडे रोखून पाहू लागली. सुरकुत्यांचे जाळे, जाळ्यात दोन मिश्कील डोळे. वामनरावांना काही केल्या ओळख पटेना. मग तिने पेंडी उतरवायला पाठ फिरवली. अंबाडा आता पांढरा होता, सुपारीएवढाच उरला होता. पण मान तीच. खांदे तेच. वामनराव चटकन उठून उभे राहिले.

"पार्बता... पार्बताबाई?"

"त कोन असन? बुढी झाली म्हून का नाव बदलते जी?" ती वळली आणि हसली. "आले का फोटुवाले बाबू! लई दिवस लावले."

लई दिवस! पंचेचाळीस वर्षांना तिने किती सहज दिवस म्हटले. तेव्हा तिला त्यांनी अगं-तूगं केले होते. आज ओठांवर आपोआप 'तुम्ही' आले. त्यांनी पिशवीतून जुने छायाचित्र काढून तिच्या हाती दिले. आयुष्यात प्रथमच ती ते पाहत होती.

तिने कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. खडबडीत बोट आधी दगडावरून फिरले, मग गवतावरून, मग त्या तरुण पाठीवरून. त्या पाठीवर ते बोट बराच वेळ राहिले.

"केवढी सरळ होती माही पाठ," ती हळूच म्हणाली. "मले कोनी सांगतलंच नाई कधी."

वाऱ्याची एक झुळूक आली. पळसाच्या दोन-चार पाकळ्या गळाल्या आणि वर्तुळात पडल्या. ऊन आता कलू लागले होते. खुंट्याच्या पूर्वेला सावलीची पहिली जीभ बाहेर आली होती.

वामनरावांना धीर निघत नव्हता. साक्षीदाराला शब्द पढवू नयेत, एवढेही भान त्यांना राहिले नाही.

"पार्बताबाई, नीट आठवून सांगा. तेव्हा इथली माती आत्तापेक्षा वर होती ना? चार बोटं? वीतभर तरी?"

"काहून जी? का झालं?"

मग त्यांनी सारे सांगितले. पाच फूट आठ इंच सांगितले, सहा फूट सांगितले, ग्रंथाचे सांगितले, मुखपृष्ठाचे सांगितले. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आले की म्हातारीचे खांदे हलत आहेत. आधी त्यांना वाटले ठसका लागला. पण ती हसत होती. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, घमेल्याखालच्या त्या जुन्या दिवसांतल्यासारखी हसत होती.

"माती नाई वाह्यली जी. काईच नाई वाह्यलं." तिने डोळे पुसले. "म्या टाचा उचलल्या होत्या."

वामनरावांची नजर तिच्या पावलांवर गेली.

"तुमी म्हनलं ना, चेहऱ्याचं काम नाई, उंचीचं हाय. मले राग आला. म्हनलं, बरं, उंची पाह्यजे ना, त घ्या मंग. जराशी जास्तच घ्या! गवत होतं गुडघ्याइतकं, कोनाले दिसते? तुमचा खटका होयेपर्यंत पोटऱ्यायले गोळे आले माह्या."

दूरची घंटा थांबली होती.

वामनरावांनी छायाचित्र तिच्या हातून घेतले आणि पाहिले. पंचेचाळीस वर्षे पाहिलेले ते चित्र त्यांनी पहिल्यांदा पाहिले. ताणलेले खांदे. खांदे ताणलेले का आहेत, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. सोनेरी गवतात, त्यांनी कापू न दिलेल्या त्या गवतात, दोन टाचा जमिनीपासून साडेतीन-चार इंच वर उचललेल्या होत्या. एक बावीस वर्षांची पोर दगडाकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून, तोल सावरत उभी होती. ती उंच झाली, म्हणून हिशेबात दगड बुटका झाला.

तिला त्यांचा उतरलेला चेहरा दिसला असावा. तिने इकडेतिकडे पाहिले. मृण्मयी अजून लांब होती, एका शिळेवर वाकून काहीतरी लिहीत होती.

"तुमचं काम अडलं असन, त माती म्हना," पार्बता आवाज खाली आणून म्हणाली. "मी सांगीन तसं त्या म्याडमले. होती माती. वीतभर होती. कोन पाह्याले येते आता?"

खरेच, कोण पाहायला येणार होते? एक शब्द. माती. तेवढ्या शब्दाने चित्र वाचत होते, माप वाचत होते, आयुष्यभराचा अभिमान वाचत होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर सोनेरी गवत डुलणार होते आणि खाली बारीक अक्षरांत वामन खानझोडे हे नाव येणार होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आणखी काय हवे असते माणसाला? वामनरावांना मोह झाला. खोटे कशाला सांगा, चांगलाच झाला.

ऊन तिरपे झाले. ऊन पिवळे झाले. खुंट्याच्या अंगावरचा एकेक खळगा सावलीने भरत गेला. वरची ओळ भरली, खालची भरली. ज्याने ते खळगे कोरले, त्याचा चेहरा कुणाला ठाऊक नाही, नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याने अंगठ्याएवढी जागा दगडात करून ठेवली होती. मी होतो, एवढेच सांगणारी.

आणि वामनरावांना एकदम उमगले. माती म्हटले, की ती टाच पुसली जाणार होती. त्या साऱ्या चित्रात पार्बताचे स्वतःचे असे तेवढेच होते. चेहरा त्यांनी घेतला नव्हता. नाव लिहिले नव्हते. पाठ तर त्यांनी काठीच्या जागी वापरली होती. तिने हट्टाने, चोरून, पोटऱ्यांत गोळे येईपर्यंत जे दिले होते ते हेच चार इंच, आणि आज तेही आपण मातीत घालायला निघालो आहोत. त्यांना स्वतःची शरम वाटली.

ते उठले. गुडघे कुरकुरले. वर्तुळे ओलांडत, शिळांना वळसे घालत ते मृण्मयीपर्यंत चालत गेले.

"माती नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. गवत कापून घ्यायला सांगितलं होतं, मी कापू दिलं नाही. सुंदर दिसत होतं म्हणून. त्या गवतात पार्बताबाईंनी टाचा उचलल्या होत्या, त्या मला दिसल्या नाहीत."

मृण्मयीने पेन थांबवले. आधी त्यांच्याकडे, मग दूर खुंट्याशी बसलेल्या म्हातारीकडे पाहिले. मग वहीत भरभर आकडे मांडले.

"साडेतीन इंच टाच धरली, तर बरोबर सहा फूट येतात, सर." तिचा आवाज मऊ झाला होता. "फोटो खरं तेच सांगत होता. पण प्रमाण म्हणून तो आता चालणार नाही. मुखपृष्ठावर तर..."

"नाहीच चालणार," वामनराव म्हणाले. "काढून टाका."

ते दोन शब्द त्यांना फार जड जातील असे वाटले होते. गेलेही. पण ते ताठ उभे होते, आणि परत फिरताना त्यांची पावले आली होती त्याहून हलकी पडत होती.

दोघे खुंट्याशी आले, तशी पार्बता काठी टेकून उठली. काय झाले असेल हे तिने चेहऱ्यांवरून ओळखले.

"सांगतलं वाटते." तिने कपाळाला हात लावला. "मोठे सत्यवान आहात जी तुमी. पन एक करा, बाई, गावाले नका सांगू. दगड वाढते म्हून कोनी त्याले हात लावत नाई. नाई त कवाच कोनाच्या घराच्या पायरीले गेला असता."

मृण्मयीने वही मिटली. "मी सहा फूट एवढंच लिहीन, मावशी," ती म्हणाली. "वाढतो की नाही, ते मला विचारलंय कुणी?"

"हा! असं बोलनं पाह्यजे," पार्बता म्हणाली, आणि तिघेही हसले.

आता ती वेळ आली होती. माळावरच्या प्रत्येक वस्तूला आपापली सावली पूर्ण मिळाली होती. शिळांच्या पाठी तांबूस, पोटे निळी. पळसाच्या फुलांतून ऊन आरपार जात होते. हवेत कुसळांचे बारीक सोने तरंगत होते. ती पिवळी, पक्व, क्षणभंगुर घटिका. हिच्यासाठीच वामनराव आयुष्यभर जिथे तिथे थांबत आले होते.

त्यांनी कॅमेरा काढला.

"पार्बताबाई, उभ्या राहा. तोंड इकडे."

"आता? आता का राह्यलं जी या थोबाडात?"

"उभ्या राहा हो."

तिने पदर सारखा केला. चपला काढून बाजूला ठेवल्या. काठी खुंट्याला टेकवली. हरभऱ्याच्या पाल्याने हिरवे झालेले हात लुगड्याला पुसले, मग कुठे ठेवावे ते कळेना म्हणून एकमेकांत गुंफले. आणि मग, वामनरावांनी पाहिले, तिने श्वास आत घेतला, खांदे ताणले, आणि स्वतःला वर उचलायचा प्रयत्न केला. पाऊल थरथरले. गुडघा लचकला. तिने पटकन दगडाला धरले.

"नाई उचलत जी आता टाचा." ती हसली, पण या वेळच्या हसण्यात मघाची ऐट नव्हती. "गुडघे गेले कामातून."

वामनरावांनी डोळ्याशी धरलेला कॅमेरा खाली घेतला. ती खूप लहान दिसत होती. पाच फूट आता कुठले, चार फूट आठ-नऊ इंच असेल. मागच्या खुंट्यापुढे तर अगदीच इवलीशी. चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्यांनी कॅमेरा सरळ धरला होता. पाण्याच्या बुडबुड्याने पातळी तपासून, छातीच्या उंचीवर, तिळभर वर नाही, तिळभर खाली नाही. जे आहे तेवढेच दिसावे, लहान ते लहान, मोठे ते मोठे, हा त्यांच्या धंद्याचा धर्म होता. तो धर्म त्यांनी कधी मोडला नव्हता.

"दगडापासून चार पावलं पुढं या," ते म्हणाले. "अजून एक. बस्स."

आणि त्यांनी गुडघे टेकले. मग हात टेकले. मग, इस्त्रीच्या सदऱ्यासकट, चष्म्यासकट, चौऱ्याहत्तर वर्षांसकट, ते मातीत सरळ पालथे झाले.

"अवं माय! बाबू!" पार्बता घाबरली. मृण्मयी धावली.

"काही नाही झालं. हलू नका," खालून आवाज आला.

कॅमेरा त्यांनी जमिनीवर टेकवला, गवताच्या मुळांपाशी, मुंग्यांच्या वाटेवर, आणि तोंड वर केले. तिथून जग निराळे दिसत होते. तिथून दोन अनवाणी पावले दिसत होती, भेगाळलेली, पूर्ण टेकलेली, भूमीत रुजल्यासारखी. पावलांवरून लुगड्याच्या चुण्या उंच उंच गेल्या होत्या. चुण्यांवर गुंफलेले हिरवे हात. हातांवर ताठ खांदे. आणि त्या सगळ्यावर, खुंट्याच्या माथ्याहून कितीतरी वर, जिथे फक्त आकाश होते तिथे, एक चेहरा.

तीन हजार वर्षांचा पाषाण तिच्या कमरेमागे कुठेतरी बुटका होऊन उभा होता.

"असं मातीत लोळून कोनी फोटो काढते का जी?" ती वरून म्हणाली. आणि जमिनीवरच्या त्या म्हाताऱ्याकडे पाहून तिला हसू फुटले. आधी डोळ्यांत फुटले, मग गालांवर पसरले, मग दात नसलेल्या तोंडातून बाहेर सांडले.

वामनराव तो चेहरा पाहत राहिले. ऊन जात होते. ऊन पिवळ्याचे तांबडे होत होते, तांबड्याचे जांभळे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उन्हाची घाई नव्हती. माती गालाला गार लागत होती. वर आकाश होते, आकाशात ती होती, आणि ती थेट त्यांच्याकडे पाहून हसत होती.

खटका वाजला.